वाफेच्या पाइपांतले ठोके आणि चोंदलेला रिटर्न

स्टीम हीटिंगच्या पाइपांतून ठोके यायला लागले की सगळे आधी रेडिएटरच्याच मागे लागतात. परवाच्या कामात तसंच झालं होतं. जुनं घर, एक-पाइपवाली सिस्टीम, म्हणजे ज्या पाइपातून वाफ वर जाते त्यातूनच तिचं पाणी होऊन खाली येतं. माझ्याआधी कोणीतरी येऊन रेडिएटरचे हवा बाहेर सोडणारे एअर व्हेंट बदलले होते, पायांखाली पट्ट्या सारून व्हॉल्व्हकडे उतार दिला होता, मी लेव्हल लावून बघितलं तर उतार चांगला होता, ते काम नीटच केलेलं. तरी रात्री घण मारल्यासारखे आवाज आणि बॉयलरमधलं पाणी कधी कमी तर कधी भलतंच जास्त.

मालकांना विचारलं, आवाज बॉयलर पेटल्या पेटल्या येतो की उशिरा? ते म्हणाले, "पहिला अर्धा तास काही नसतं हो, मग जे सुरू होतं ते थांबतच नाही." माझ्यासाठी हे सगळ्यात कामाचं उत्तर. सुरुवातीलाच ठोके पडत असतील तर बहुतेक वेळा पाइप कुठेतरी मध्येच लोंबलेला असतो आणि तिथे आधीचं पाणी साचून असतं. उशिरा पडत असतील तर पाणी परत येत नाहीये असा माझा पहिला संशय.

मग बॉयलर चालू केला आणि गेज ग्लाससमोर, म्हणजे बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीसमोर, बसून राहिलो. पातळी हळूहळू उतरत गेली, लो वॉटर कटऑफने बर्नर बंद केला, लगेच ऑटोमॅटिक फीडरने नवीन पाणी आत सोडलं आणि बर्नर परत पेटला. आता मी स्विच बंद करून थांबलो. ग्लासमधलं पाणी वर चढायला लागलं, किती वेळ चढतच होतं, नेहमीच्या खुणेच्या पार वर गेलं. वर अडकलेलं पाणी आत्ता कुठे घरी येत होतं.

प्रेशर जास्त असेल तरी असं होतं, कारण १ पीएसआय (दर चौरस इंचाला एक पौंड दाब) म्हणजे साधारण २८ इंच पाण्याचा स्तंभ, तेवढं पाणी रिटर्नच्या, म्हणजे बॉयलरकडे पाणी परत आणणाऱ्या, उभ्या पाइपात चढून बसतं. म्हणून दाब वाढला की बर्नर बंद करणाऱ्या प्रेशर कंट्रोलखालची वळणदार नळी खोलून बघितली, ती मोकळी होती आणि गेजवर प्रेशर २ पीएसआयच्या आतच होतं. राहिला जमिनीलगतचा वेट रिटर्न, म्हणजे रिटर्नचा कायम पाण्याने भरलेला खालचा भाग. तिथे पंप नसतो, पाणी स्वतःच्या उंचीच्या जोरावरच बॉयलरमध्ये शिरतं, आणि पाइप चोंदला की ती उंची वाढत वाढत पाणी स्टीम मेनच्या, म्हणजे वाफेच्या मुख्य पाइपाच्या, टोकापर्यंत पोचतं. वेगाने येणारी वाफ मग ते पाणी उचलते आणि एल्बोवर, म्हणजे पाइपाच्या वळणावर, आपटते, तोच ठोका.

सगळं गार झाल्यावर रिटर्नचा ड्रेन उघडला तर आधी तपकिरी चिखल आला आणि मग नुसती धार, तीही बारीक. पाइप कापला तेव्हा आत काळा बुळबुळीत गाळ, गंजाचे पापुद्रे आणि मधोमध बोट जेमतेम जाईल एवढी वाट. खालची बाजू इतकी झिजली होती की स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर टवके निघाले, त्यामुळे फ्लश करून भागवायचा प्रश्नच नव्हता. तो सगळा तुकडा नवीन टाकला, पुढे धुता यावा म्हणून दोन्ही टोकांना टी (तीन तोंडांचा जोड) आणि प्लग ठेवले. मेनच्या टोकाचा व्हेंट पाणी जाऊन खराब झाला होता, तोही बदलला.

फीडरबद्दल मला मनापासून सांगायचंय. तो बिघाड झाकून ठेवतो आणि वर वाढवतो, कारण ताज्या पाण्यातून ऑक्सिजन येतो, ऑक्सिजनने गंज वाढतो, गंजाचा गाळ परत रिटर्नमध्येच जाऊन बसतो. मालकांना म्हटलं, फीडरच्या लाइनवर पाण्याचं मीटर लावून घ्या आणि आकडा लिहीत जा. कटऑफ फ्लोटवाला, म्हणजे आत पाण्यावर तरंगणारा गोळा असलेला, होता, त्यातलं गढूळ पाणी दर आठवड्याला काढायचं हेही उभं राहून त्यांच्याच हाताने करून घेतलं. मग बॉयलर चांगला तासभर चालवला. ग्लासमधली पातळी थोडीशी उतरून तिथेच टिकली, फीडर सुरूच झाला नाही आणि ठोका एकही नाही.