शंभरात तीस

आमच्याकडं 'हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला. दुसरा अर्थच नाही. अमक्याचं हार्ट फेल झालं म्हणलं की पुढचा प्रश्न माती किती वाजता आहे हाच असतो. त्यामुळं मागच्या वर्षी भाच्यानं डिस्चार्ज कार्डावरचे 'हार्ट फेल्युअर' हे दोन शब्द मोठ्यानं वाचले तेव्हा माय खाटेवर मटकन बसली आणि रडायलाच लागली, आणि ज्यांचं फेल झालं ते अण्णा, माझे वडील, समोर बसून वरणात भाकरी कुस्करत होते. "कामून रडायलीस? जेवायलोय की मी," असं तेच म्हणले.

घोळ इथूनच सुरू झाला. हृदय बंद पडलेलं नसतं, पंप कमजोर झालेला असतो. विहिरीवरची मोटार चालू आहे पण पाणी जोरानं फेकत नाही, पुढं वाफ्यापर्यंत पोचत नाही आणि मागं तुंबतं. तुंबलेलं पाणी पायात उतरतं, फुप्फुसात साठतं, म्हणून पाय सुजतात आणि रात्री आडवं झालं की दम लागतो. एवढं मला समजायला तीन आठवडे लागले, आणि मी बीएस्सी. अण्णा सातवी.

कार्डावर एक गोष्ट मात्र अण्णांनी स्वतः वाचली, 'ईएफ ३०%'. "शंभरात तीस. पास व्हायला पस्तीस लागतेत ना रे? म्हणजे मी नापास." खरं सांगायचं तर मला पण तसंच वाटलं होतं, की सत्तर टक्के हृदय गेलं. तसं नसतं. हृदय रक्तानं भरलं की एका ठोक्याला त्यातलं किती बाहेर टाकतं त्याचा तो आकडा, आणि धडधाकट माणसाचा पण साधारण ५५ ते ७० असतो, शंभर कुणालाच पडत नाहीत. तीस कमीच आहे, पण शंभरातले तीस वेगळे आणि साठातले तीस वेगळे. शेजारी पेननं '६० म्हणजे चांगलं' एवढं जरी कुणी लिहून दिलं असतं तरी आमच्या घरातल्या चार राती वाचल्या असत्या.

मग काय, मोबाईल. मराठीत शोधलं की अर्ध्या गोष्टी हार्ट अटॅकच्याच निघतात, आणि व्हिडिओवर लाल बाण न् उघडं तोंड केलेला माणूस, 'हे खा, ब्लॉकेज गायब'. इंग्रजीत शोधलं तर थेट किती वर्षं जगतात याचे तक्ते. रात्री दोन वाजता मी ते तक्ते वाचत बसायचो आणि सकाळी अण्णांना काहीच सांगायचो नाही. नात्यातल्या ग्रुपवर अर्जुनाची साल, लसूण-आलं-लिंबाचा काढा, आणि जोरानं खोकलं की अटॅक थांबतो हे पुन्हा एकदा आलं. खोकल्याचा आणि आमच्या दुखण्याचा संबंध काय ते पाठवणाऱ्याला पण माहीत नसणार.

पण सगळ्यात मोठा दणका मोबाईलनं नाही दिला, गोळ्या देणाऱ्यानं दिला. अण्णांना शुगर नाही. पाकिटात एक गोळी होती डापाग्लिफ्लोझिन नावाची, काउंटरवरचा पोरगा म्हणला, "काका, ही शुगरची आहे." अण्णांनी घरी येऊन ती गपचूप बाजूला काढली, मला शुगर नाही मग डॉक्टरनं चुकून लिहिली असंल म्हणून. पोरगा खोटं बोलला नव्हता, गोळी मूळची शुगरचीच. पण २०१९ मध्ये एका मोठ्या अभ्यासात दिसलं की शुगर नसलेल्या, पंप कमजोर असलेल्या लोकांना पण तिचा फायदा होतो, तेव्हापासून ती हृदयासाठी पण देतात. हे अण्णांना कोण सांगणार होतं? त्यात गुडघे दुखतात म्हणून त्याच दुकानातून दुखायच्या गोळ्या चालू, आणि त्यातल्या बऱ्याच गोळ्या अंगात पाणी धरून ठेवतात, हे पण आम्हाला मागाहून कळलं.

बारा दिवसांत अण्णांची चप्पल पायात जाईना. उशा एकाच्या तीन झाल्या. आणि ह्याच दिवसांत मामा भेटायला आला न् म्हणला, "दाजी, तब्येत सुधारली की, अंगावर मांस आलंय." वजन वाढलं म्हणजे माणूस सुधारला, हे आपल्या हाडात बसलेलं आहे. ते मांस नव्हतं, पाणी होतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, इतका साधा हिशोब.

दवाखान्यात डॉक्टर ओरडले, गोळी का बंद केली म्हणून. ओरडणं बरोबर असंल, पण पहिल्या खेपेला चार मिनिटांत सगळं इंग्रजीत उरकलं होतं ते पण खरंच आहे. मला जे कळलं ते बाहेरच्या बाकड्यावर कळलं. गंगाखेडकडचे एक आजोबा, धोतर, पांढरी टोपी, पाच वर्षांपासून हेच दुखणं. त्यांनी अण्णांचा पाय स्वतःच्या मांडीवर ओढला, नडगीवर अंगठा दाबून धरला, मग काढला. खड्डा तसाच. "बघा पाव्हणं, हे भरून यायला जितका येळ तितकं पाणी. रोज बघायचं." मग म्हणले सकाळी लघवीला जाऊन आलं की चहाच्या आधी काट्यावर उभं राहायचं, रोज तेवढ्याच कपड्यात, आणि लिहून ठेवायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं की दम लागायची वाट बघायची नाही, फोन करायचा. आत जाऊन डॉक्टरांना विचारलं तर म्हणले, बरोबर सांगितलं त्यांनी.

तेव्हापासून कालनिर्णयच्या चौकोनात दुधाच्या खाड्याशेजारी अण्णांचं वजन असतं.

मिठाचं सांगतो, कारण इथं सगळेच फसतात. 'मीठ कमी' म्हणलं की अण्णा म्हणायचे मी वरून घेतच नाही. अहो पण ठेचा? लोणचं, पापड, शेंगदाण्याची चटणी? कुणीतरी सैंधव चालतं म्हणलं म्हणून मायनं ते आणलं, आणि ते पण मीठच आहे, नुसतं गुलाबी. मग मी दुकानातून कमी सोडियमचं मीठ आणायला निघालो होतो, नशीब आधी फोन केला, त्यात पोटॅशियम असतं आणि अण्णांच्या एका गोळीनं ते आधीच वाढतं. शेवटी मायनंच मार्ग काढला. चहाचा एक सपाट चमचा म्हणजे साधारण पाच ग्रॅम, ते अण्णांचं दिवसाचं मीठ, सकाळी वाटीत काढून ठेवायचं, त्यांचं वरण-भाजी त्यातूनच. वाटी रिकामी झाली की संपलं.

पाण्याचं जास्त अवघड गेलं. दीड लिटर, चहा-ताक धरून, आणि परभणीचा मे महिना, पारा ४३ वर. (हे प्रमाण अण्णांचं आहे, ज्याचं त्यानं डॉक्टरला विचारावं.) दीड लिटरची बाटली भरून ठेवायची, तांब्यानं प्यायलं की तेवढं पाणी बाटलीतून झाडाला. अण्णा चिडायचे, "२०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, तवा पण कुणी असं घोट मोजून प्यालं नसंल."

सहा महिन्यांनी परत इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. ईएफ ३८. अण्णांनी गावात पास झालो म्हणून पेढे वाटले, तीन टक्के वरचे म्हणून.

आज सकाळी फोन आला, मी म्हणलं किती? "एकसष्ट आठशे." काल एकसष्टच होतं की अण्णा. थोडं गप्प राहिले. "लग्नाला गेलतो रे. मठ्ठा बरा होता." मी म्हणलं उद्या सकाळी परत बघा, वाढलं तर लगेच फोन करा. मागून मायचा आवाज, "दोन गिलास प्याले, विचार त्यास्नी."