कोब्यावरचा जुना गालिचा काढताना

आज संभाजीनगरात एका ऑफिसातला गालिचा काढला. गालिचा सहज निघतो. कटरने फूटभर रुंदीच्या पट्ट्या कापून गुंडाळत जायचं. खरं काम त्याखालच्या फोमचं. तो कोब्याला चिकटून पिवळा भुगा झालेला असतो.

आधी कोरडंच खरवडा. लांब दांड्याचा ४ इंची स्क्रॅपर जवळजवळ आडवा धरा. उभा धरला की पातं कोब्यात रुततं, पोपडे निघतात. पातं बोथट झालं की लगेच बदला, पैसे वाचवू नका.

आपल्याकडच्या उन्हात दुपारी गोंद चिकट होऊन पात्यावर लोळतो, म्हणून पहाटेच सुरुवात करा. गार गोंद कडक असतो, खपल्या उडतात. उरलेल्या पिवळ्या गोंदावर गरम पाण्याचं पोतं १५ मिनिटं ठेवा.

पेट्रोल किंवा थिनर बंद खोलीत ओतू नका, भडका उडतो! गोंद काळा डांबरासारखा असेल तर ग्राइंडर लावूच नका. जुन्या काळ्या गोंदात ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ फुप्फुसात जाते. आधी तपासून घ्या.

शेवटी पाण्याचे थेंब टाका. जिथं पाणी मुरत नाही, तिथं गोंद अजून आहे. वर नवी फरशी बसवली तर ती तिथूनच सुटते.