जंजाळा ते वेताळवाडी: फाल्गुनात जरंडीची वाट उतरू नये

होळीनंतरच्या शनिवार-रविवारी आम्ही चौघे मित्र पाठीवर तंबू घेऊन अजिंठ्याच्या डोंगररांगेत जाऊन आलो. शनिवारी पठारावरच्या जंजाळा गावातून घटोत्कच लेणी आणि जंजाळ्याचा किल्ला पाहायचा, किल्ल्यावरून खाली जरंडी गावात उतरून जीपने वेताळवाडीजवळ मुक्कामाला जायचे आणि रविवारी वेताळवाडीचा किल्ला चढून हळद्याच्या घाटात बाहेर पडायचे, असा बेत होता. आमच्यातल्या एकाच्या परिचिताने जरंडीची उतरण म्हणजे तासाभराची मळलेली वाट आहे आणि किल्ल्यावर पाण्याची ददात नाही, असे छातीठोकपणे सांगितले होते. तो श्रावणात गेला होता, हे त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

छत्रपती संभाजीनगरहून सिल्लोड सुमारे 65 किलोमीटर आहे. तेथपर्यंत एसटीने आणि पुढे अंभईमार्गे जीपने जंजाळ्याला पोहोचण्यात काही अडचण आली नाही. लेणी गावापासून जवळच दरीच्या काठाखाली आहेत. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव, ज्याने अजिंठ्याचे 16 क्रमांकाचे लेणे कोरवून घेतले, त्याचाच झिजलेला शिलालेख येथेही आहे. तो डोळे ताणून पाहण्यात आमचा पाऊण तास गेला आणि तो पाऊण तास पुढे महागात पडला. या दिवसांत कड्यांना आग्यामोहोळे लटकलेली असतात, म्हणून अंगाला अत्तर लावून जाऊ नये, विडी ओढू नये आणि आरडाओरडाही करू नये.

किल्ला प्रचंड पसरलेला आहे, परंतु सीताफळीची पाने गळून गेल्यामुळे सावली म्हणून कोठे नाही. तलावात पाणी होते, मात्र ते इतके हिरवे आणि दाट झाले होते की तोंड धुण्याचेही धाडस झाले नाही. आमच्याकडे माणशी तीन लिटर पाणी होते आणि त्यातले निम्मे तेथपर्यंत संपले होते. माझ्या मते माणशी पाच लिटर पाणी घ्यावे आणि ते वजन झेपत नसेल तर तंबू घरी ठेवावा.

साडेबाराला आम्ही जरंडीची उतरण धरली आणि हीच या सहलीतली घोडचूक ठरली. पावसाळ्यात जमीन ओली असते आणि गुराख्यांच्या पायांनी वाट उघडी राहते, त्यामुळे त्या परिचिताचे म्हणणे त्याच्यापुरते खरेही असेल. फाल्गुनात मात्र गुडघ्याएवढे गवत वाळून उताराच्या दिशेने आडवे पडलेले असते, त्याच्याखाली सुटा मुरूम आणि लिंबाएवढे गोल दगड असतात, आणि वाट कोणती व पावसाच्या पाण्याने पाडलेली घळ कोणती हे पाऊल टाकेपर्यंत कळत नाही. गवतावर टाच टेकली की टाच सरकते, तोल सावरायला मागे रेलावे तर पाठीवरचे ओझे मागे खेचते, आणि आधारासाठी हात टाकावा तर हाताला बोरीची फांदी लागते. मी तीनदा बसलो. बँकेत काम करणारा आमचा मित्र दहा-बारा फूट घसरला, त्याच्या पिशवीच्या कप्प्यातली भरलेली बाटली निसटली आणि दगडांवर आपटत, टप्पे घेत दिसेनाशी झाली. चौघेही तिच्याकडे पाहत राहिलो आणि बराच वेळ कोणी काही बोलले नाही. तासाभराच्या वाटेला आम्हाला तीन तास दहा मिनिटे लागली. मोज्यांत इतकी कुसळे रुतली होती की मोजे धुण्यापेक्षा फेकणे सोपे वाटले.

म्हणून स्पष्ट सांगतो: पाठीवर ओझे असेल तर दिवाळीनंतर ही वाट उतरू नये. ज्यांना ती करायचीच असेल त्यांनी जरंडीत मुक्काम करून पहाटे उजाडताच चढावी, कारण चढताना हाच मुरूम निदान डोळ्यांसमोर असतो, आणि जंजाळा गावात परतीची जीप आधी सांगून ठेवावी. दोन काठ्या आणि पायांना गुंडाळायला पोटरीपर्यंतचे जाड पट्टे अवश्य घ्यावेत. घासलेल्या तळव्याचे बूट नेणाऱ्याला बरोबर घेऊ नये, मग तो कितीही जवळचा मित्र असो.

खाली आल्यावर दुसरा धक्का बसला. वेताळवाडीकडे सोडण्यासाठी फोनवर सहाशे रुपये ठरवलेल्या जीपवाल्याने आमची अवस्था पाहून पंधराशे मागितले आणि पिशव्या टपावर चढवून झाल्यावर मागितले. फार घासाघीस करण्याचे त्राण नव्हते, बाराशे दिले. भाडे ठरवताना गाव, माणसे आणि सामान तिन्हींचा उल्लेख असलेला निरोप मोबाइलवर लेखी घ्यावा.

अभयारण्यात किंवा किल्ल्यावर परस्पर तंबू ठोकू नये. आम्ही वेताळवाडीजवळ एका शेतकरी दादांना विचारून त्यांच्या रानात राहिलो. तुरीच्या रानात तंबू लावू नये, कारण कापणीनंतर उरलेली धसकटे भाल्यासारखी असतात. आमच्या तंबूच्या तळाला पाच भोके पडल्यावर दादांनीच हरभऱ्याचे सारवलेले खळे दाखवले. वहिनींनी दिलेल्या कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, त्यामुळे निघताना त्यांच्या मुलाच्या हातात बळेच ठेवले.

रविवारचा वेताळवाडी किल्ला उत्तम आहे, वाट स्वच्छ आहे, पळस फुललेले होते, आणि त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही घडले नाही. साडेदहाला हळद्याच्या घाटातल्या रस्त्यावर उतरलो. तेथे सावली नाही आणि वाहनाचा भरवसा नाही. आम्ही सव्वा तास उभे होतो आणि शेवटी कांद्याच्या टेम्पोत बसून उंडणगावला पोहोचलो. उंडणगावातून सिल्लोडला जीप मिळते.