आमची वाटचाल : तूर, सॉर्टेक्स आणि मुनीमजींची वही

लातूरच्या एमआयडीसीत वडिलांनी 1998 साली दोन रोल आणि एका चाळणीवर डाळ मिल सुरू केली. पुढची वर्षं बरी गेली. सांगायचंय ते 2023 चं.

सॉर्टेक्स, म्हणजे डाळ निवडणाऱ्या मशीनचा कॅमेरा काळा दाणा टिपतो आणि हवेच्या झोताने नेमका तोच उडवतो. हे रोज बघणाऱ्याचा कॉम्प्युटरवर भरवसा बसतोच. थोरल्या पोराने बाजारभावाचा अंदाज सांगणारं एआय सॉफ्टवेअर घेतलं. आवक, पाऊस, जुने भाव बघून त्याने सांगितलं, तूर चढणार, माल धरा. मी सीसी, म्हणजे बँकेचं कॅश क्रेडिट कर्ज, पूर्ण उचलून बीडीएन-711 वाणाची पांढरी तूर भरली.

आमचे मुनीमजी तीस वर्षं आडत बाजारात. तूर दाताखाली फोडून ओल सांगणारा माणूस. मार्चअखेर केंद्राने तुरीच्या साठ्यावर लक्ष ठेवायला समिती नेमली, ती बातमी त्यांनी कापून गल्ल्यात ठेवली होती. मला दाखवली नाही. नंतर विचारलं तर म्हणाले, "मालक, तुम्ही मोबाईल बघून सौदे करायलाव, मी काय बोलू?"

2 जूनला केंद्राची साठामर्यादा लागली. मिलला मागच्या तीन महिन्यांचं उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेच्या 25 टक्के, यात जे जास्त असेल तेवढंच ठेवता येणार. वरचा माल महिनाभरात मिळेल त्या भावाने काढला. तूर पुढे चढलीच. सॉफ्टवेअरवाला फोनवर म्हणाला, "अंदाज बरोबरच होता की." ते वाक्य अजून सलतं. त्यात शेजारच्या मिलवाल्याने आमचं दिवाळं निघाल्याचं बाजारभर केलं.

उदगीरचे आमचे जुने किराणावाले काका मात्र स्वतः आले. फटका प्रतीच्या तूरडाळीचे पैसे आगाऊ मोजले, म्हणाले, "तुझ्या वडिलांनी मला पहिले पन्नास कट्टे उधार दिलते." त्या पैशांवर मिल चालू राहिली.

एआय आजही वापरतो. हैदराबादच्या गिऱ्हाइकाला तेलुगूत पत्र, पाळ्यांचं वेळापत्रक, विजेचा हिशोब, सगळं त्यावर. पण सकाळी आधी मुनीमजी वहीत आपला अंदाज लिहितात, मगच पोरगा लॅपटॉप उघडतो. नव्या मिलवाल्यांनो, हा क्रम उलटा करू नका. मालकाने मशीनचा आकडा आधी वाचून दाखवला, की गादीवरचा जाणता माणूस तोंड उघडत नाही. आणि सीसीच्या पैशावर साठा करू नका.

परवा वही आणि लॅपटॉपचं जुळलं नाही. मी सौदा थांबवला, नमुन्याच्या पुडीतून मूठभर तूर मुनीमजींच्या हातावर ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसलो.