गॅसचं आणि भूकंपाचं

शेजारची सून आठवड्यातून एकदा तरी विचारते, "काकू, सदुसष्टचा भूकंप तुम्हाला मिनिटामिनिटानं आठवतो, मग मघाशी गॅस बंद केला का, ते कसं आठवत नाही?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

गॅस बंद करताना माझं लक्षच नसतं, मग आठवणार काय? त्यात नव्या प्रसंगांची नोंद ठेवणारा मेंदूतला भाग, हिप्पोकॅम्पस, वयाबरोबर आक्रसतो. सत्तरीत हे चालायचंच.

नावांचं दुखणं निराळं. परवा मोती चौकात कचेरीतली मैत्रीण भेटली. वीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेली. तिच्या डब्यातली भरली वांगीसुद्धा आठवली, नाव काही जिभेवर येईना. "अगं, तू!" म्हणत वेळ मारून नेली. घरी चप्पल काढताना आलं. शब्दांचं मात्र उलट. शब्दकोडं अजून नातवाच्या आधी मीच सोडवते.

आणि हात? ते काहीच विसरलेले नाहीत. मी टायपिस्ट, मराठी चाळीसची, म्हणजे मिनिटाला चाळीस शब्दांची, परीक्षा दिलेली. ‘ळ’ची कळ कुठं, असं विचाराल तर सांगता येणार नाही. यंत्रापुढं बसवा, बोट बरोबर तिथंच जातं. हाताची आठवण हिप्पोकॅम्पसवर अवलंबून नसतेच. अमेरिकेतल्या हेन्री मोलेसनचा तो भाग १९५३ साली शस्त्रक्रियेत बराचसा काढला. त्यानंतर नवा प्रसंग त्याच्या लक्षात राहीना. तरी आरशात बघून चांदणी गिरवायला तो दिवसागणिक सुधारत गेला, आणि रोज त्याला वाटायचं, हे आपण आजच करतोय.

राहिला भूकंप. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे चार वाजून गेलेले. पाटणजवळचं आमचं गाव. मी बारा वर्षांची. बाबांनी घोंगडीत गुंडाळून मला अंगणात आणलं, मागं भिंत बसली. हे मी शंभरदा तरी सांगितलं असेल. गेल्या दिवाळीत थोरला भाऊ म्हणाला, "बाबा कुठले? ते त्या रात्री कऱ्हाडला होते. तुला मामानं काढलं."

सांगता सांगता मामाच्या जागी बाबा कधी आले, मला कळलंही नाही. घोंगडी मात्र अजून गालाला टोचते. आता बाबा नाहीत, मामाही नाही. भूकंपाचं कोणाला विचारू? गॅसचं निदान उठून बघता तरी येतं.