शब्दवहीतली नोंद: सेस्क्विपीडेलियन

या खेपेला वहीची बरीच पानं एकाच शब्दाने खाल्ली. 'सेस्क्विपीडेलियन' म्हणजे लांबलचक, किंवा लांबलचक शब्दांची हौस असलेला. मूळ लॅटिन 'सेस्क्विपेडालिस': सेस्क्वी म्हणजे दीड, पेस म्हणजे पाऊल आणि फूट हे मापही. थोडक्यात, दीडफुटी. हा पेस आपल्या 'पद', 'पाद'चा सख्खा नातेवाईक.

शब्द नावारूपाला आला रोमन कवी होरेसमुळे. काव्यकलेवरच्या त्याच्या 'आर्स पोएटिका' या कवितेच्या ९७व्या ओळीत तो सांगतो की शोकांतिकेतले टेलिफस आणि पेलिअस परागंदा होऊन दैन्यात असताना फुगीर भाषा आणि दीडफुटी शब्द टाकून देतात. प्रेक्षकाचं काळीज हलवायचं तर ते करावंच लागतं. इंग्रजीने १७व्या शतकात शब्द घेतला तो याच अर्थाने.

मला मात्र वीट जास्त भावली. रोमन बांधकामात सेस्क्विपेडालिस हे एका विटेचंच नाव होतं. रोमन फूट साधारण २९.६ सेंमीचा, म्हणजे प्रत्येक बाजू सुमारे ४४ सेंमी. अशी वीट उचलायची तर दोन्ही हात लागणार. होरेसच्या वाचकाला 'दीडफुटी शब्द' म्हणताच ते वजनही जाणवलं असेल, असं मला वाटतं.

खरं घबाड पुढे सापडलं. सेस्क्वीची फोड सेमिस आणि क्वे, म्हणजे 'आणि अर्धा'. त्यातला 'एक' गृहीतच धरलेला. त्याच सेमिसचा माग काढत सेस्टर्शियस या रोमन नाण्यापाशी पोचलो. हे नाणं मुळात अडीच आसांचं; आस हे रोमनांचं मूळ नाणं. नावाची फोड सेमिस आणि टर्शियस: 'तिसरा अर्धा', म्हणजे दोन पुरे आणि तिसऱ्यातला अर्धा. आणि आपलं अडीच? संस्कृत 'अर्धतृतीय'. हुबेहूब तीच रचना! दीड म्हणजे 'द्व्यर्ध', औट म्हणजे 'अर्धचतुर्थ', साडेतीन. सगळी एकाच साच्यातली. हे जुळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून येरझाऱ्या घातल्या.

आता क्विंकंक्स हाती घेतलाय. तोही रोमन अपूर्णांकच, आसाचे पाच-बारांश. दरम्यान, कोणाकडे औटकीचे पाढे असलेली जुनी अंकलिपी असेल तर त्या पानाचा फोटो जरूर पाठवा.