जंगलातला साडेआठ किलोमीटरचा कच्चा रस्ता: पाहणीचा वृत्तांत

रस्ता साडेतीन मीटर रुंद, मुरमाचा. खाली फाटकापासून निघतो आणि वर लाकूड चढवायच्या मोकळ्या जागेपर्यंत सुमारे ४०० मीटर चढतो. पाहणी दोन फेऱ्यांत केली: पहिली भर पावसात, दुसरी उघडीप मिळाल्यावर तीन दिवसांनी. पावसातल्या फेरीत फक्त पाणी बघितलं, कोरड्या फेरीत मोजमापं घेतली. एकच फेरी जमणार असेल तर पावसातली करा. खड्डा केव्हाही मोजता येतो, पण त्यात पाणी कुठून आलं हे पाऊस थांबल्यावर तासाभरात दिसेनासं होतं. मग पाचोळ्याच्या रांगा, उघडे पडलेले दगड आणि कडेला पसरलेला बारीक गाळ यांवरून अंदाज बांधत बसावं लागतं.

गाडीने एकदा न थांबता वरपर्यंत जा आणि उतरताना चाला. गाडीतून फक्त खड्डे कळतात. वरून खाली चालणारा माणूस पाण्याबरोबर चालतो, त्यामुळे आधी कारण भेटतं आणि मग त्याचा परिणाम. सगळं मोजत गेलं तर तासाला एक ते सव्वा किलोमीटर होतं, म्हणजे साडेआठ किलोमीटरला दोन माणसांचा अख्खा दिवस.

सोबत मोजचाक, ३० मीटरचा टेप, दोन मीटरची सरळ पट्टी, पाणसळ, चढ मोजायला क्लिनोमीटर, फावडं, पहार, टॉर्च, खुंट्या, रंग आणि झाकणाच्या दोन पारदर्शक बाटल्या होत्या. जमीन किती दबते ते बघायला डीसीपी, म्हणजे ८ किलोचा हातोडा ५७५ मिलिमीटरवरून पडतो ती टोकदार सळई. नोंदी जीपीएसच्या भरवशावर ठेवू नका. दाट झाडीखाली तो दहा-पंधरा मीटर सहज इकडेतिकडे दाखवतो आणि जवळजवळच्या दोन मोऱ्यांची सरमिसळ होते. फाटक शून्य धरून मोजचाकाचं अंतर लिहा आणि दर पाचशे मीटरला रंगवलेली खुंटी ठोका. खालचे सगळे आकडे फाटकापासूनचे आहेत, किलोमीटर आणि मीटर अशा क्रमाने.

८/५०० ते ६/९००

इथे चढ सरासरी ९ टक्के. पृष्ठभाग लांबून ठीक दिसतो, पण दरीकडच्या कडेला ग्रेडरने, म्हणजे रस्ता घासून सारखा करणाऱ्या पात्याच्या यंत्राने, सोडलेली २० ते ३० सेंमी उंचीची मातीची वरंब सलग २६० मीटर आहे. रस्ता मुळात दरीकडे कलता केलेला, म्हणजे पाणी जागच्या जागी कडेवरून उतरून जायला हवं. वरंब त्याला अडवते आणि सगळं पाणी रस्त्यावरूनच धावतं. वरंब संपते तिथे १८ सेंमी खोल ओघळ पडला आहे. तो पूर्वी भरल्याच्याही खुणा आहेत: आजूबाजूचा मुरूम तांबूस आणि ओघळाच्या तळाशी उरलेला करडा, दुसऱ्या खाणीतला. वरंब तशीच ठेवून ओघळ भरला तर तो मुरूम पुढच्या मोठ्या पावसात खाली जातो.

म्हणून मागणीपत्रात ‘ओघळ भरणे’ एवढंच लिहू नका. आधी ‘२६० मीटर वरंब काढून माल रस्त्याच्या मध्यावर ओढणे’, आणि त्यानंतर ओघळ. वरंब माती आणि गवतमुळांनी भरलेली असेल तर ती मध्यावर ओढू नका, टिपरने बाहेर काढा. रस्त्यात आलेली मुळं कुजतात आणि तिथेच खड्डे पडतात.

या टप्प्यात पाणी आडवं काढून देणारी एकही सोय नाही. ७ ते ९ टक्के चढावर, सहज धुपणाऱ्या मातीत दोन आडव्या निकासांमध्ये ४० मीटरहून जास्त अंतर नसावं. खडकाळ, न धुपणाऱ्या जमिनीत ७५ मीटर चालतं. ४ ते ६ टक्के चढाला हेच आकडे ५० आणि ९०, तर १० ते १२ टक्क्यांना ३५ आणि ६० मीटर. इथली माती धुपणारी आहे, म्हणून २६० मीटरमध्ये सहा निकास धरले. गाड्यांची ये-जा असलेल्या रस्त्यात रुंद, उथळ सखल भाग आणि त्याच्या खालच्या अंगाला बसका उंचवटा असा निकास बरा. लाकडाची लांब गाडी त्यावरून खाली न घासता जायला हवी, म्हणून सखल आणि उंचवटा मिळून निदान १५ ते ३० मीटर लांबी द्या. चढ १२ टक्क्यांच्या पुढे गेला की हा प्रकार नीट बसत नाही, तिथे मोरीच घाला. घाईत खणलेले अरुंद आडवे चर बंद ठेवलेल्या रस्त्यावर ठीक. चालत्या रस्त्यात चाकं ते आठवड्याभरात बुजवून टाकतात.

६/९०० ते ५/२००

जवळजवळ सपाट आणि उन्हात. पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठल्या आहेत, खोली बहुतेक ठिकाणी ४० मिमी. लाटा आणि चाकोऱ्या, दोन्हींना एकच माप वापरलं: २५ मिमीपर्यंत सौम्य, २५ ते ७५ मध्यम, त्यापुढे गंभीर. पट्टी रस्त्यावर आडवी टाकून चाकोरीची खोली मोजा, लाटांसाठी ती रस्त्याच्या दिशेने ठेवा.

लाटा कशामुळे, ते बाटलीत कळतं. वरचा मुरूम बाटलीत एक तृतीयांश भरा, पाणी घालून खूप हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात बसते, पोयट्याला तासाभर लागतो, चिकणमाती दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी गढूळ ठेवते. इथल्या दोन्ही बाटल्यांत वाळूवर जेमतेम एक पातळ थर दिसला. वरच्या थरात बारीक माल साधारण ८ ते १५ टक्के लागतो. तो धुळीबरोबर उडून गेला की खडे एकमेकांना धरून राहत नाहीत, आणि वेगात जाणारी, ब्रेक मारणारी चाकं त्यांना ओळीने लोटतात.

लाटांच्या खळग्यांत सुटा मुरूम ओढून पृष्ठभाग सारखा करण्याचं काम स्वस्त दिसतं, पण लाटा थोड्याच दिवसांत परत येतात, कारण खालचे घट्ट उंचवटे तसेच राहतात. लाटेच्या तळाच्या खाली एक-दोन सेंमी जाईपर्यंत रस्ता उकरा, चिकणमाती असलेला मुरूम मिसळा, पाणी मारा, आकार द्या आणि रोलर फिरवा. मुठीत दाबल्यावर गोळा टिकला पण हातातून पाणी गळलं नाही, की ओल योग्य. ग्रेडरचा वेग ताशी ५ ते ८ किलोमीटर ठेवा, त्याहून जास्त वेगात पातं उड्या मारतं आणि नव्या लाटा स्वतःच कोरतं. कोरडा रस्ता ग्रेडरने घासणं म्हणजे उरलासुरला बारीक माल उडवणं.

इथेच रस्त्याची पाठ मोजली. मध्यापासून कडेपर्यंत ५ टक्के उतार धरला तर या रुंदीला मध्यभाग कडेपेक्षा ९ सेंमी उंच हवा. मिळाला २ ते ३ सेंमी.

५/२०० ते ३/६००

अकरा मोऱ्या, आणि पाहणीतला निम्मा वेळ इथे गेला. मोरीची दोन्ही तोंडं बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. रस्त्यावरून एकच तोंड दिसतं आणि बिघाड बहुधा दुसऱ्या तोंडाशी असतो.

वरच्या तोंडाशी गाळाची उंची मोजा. पाइपच्या एक तृतीयांश उंचीपर्यंत गाळ म्हणजे जवळपास ३० टक्के वाट बंद. तोंडाच्या वर काडीकचऱ्याची रेघ कुठवर आहे तेही लिहा, मागच्या पुरात पाणी तिथपर्यंत तुंबलं होतं. टॉर्चने आत बघा: सांधे सरकलेत का, पाइप मधेच खचला आहे का. लोखंडी पाइपचा तळ हातोडीने ठोका. भरीव आवाजाऐवजी खरखर आली किंवा हातोडी आत गेली तर पत्रा संपला. ४/४१० ला पाणी पाइपमधून नव्हे, पाइपच्या बाहेरून वाहताना ऐकू आलं. भोवतालचा भराव आतून धुपतो आहे, रस्ता एक दिवस अचानक खचेल. तो पाइप काढून पुन्हा बसवावा लागणार: भराव दोन्ही बाजूंनी सारखा, १५ सेंमीच्या थरांत, प्रत्येक थर ओला करून धुम्मसाने ठोकून, आणि पाइपच्या माथ्यावर किमान ३० सेंमी आच्छादन.

खालच्या तोंडाशी पाणी उंचावरून भरावावर पडत असेल तर तिथे घळ तयार होते आणि ती मागे सरकत रस्त्यापर्यंत येते. पाच मोऱ्यांना हा दोष आहे. पडत्या पाण्याखाली २० ते ३० सेंमीचे, टोकदार कडांचे दगड रचा. गोटे नकोत, ते गडगडतात.

या रस्त्यावरची सर्वांत महत्त्वाची जागा ३/९८०. नाल्यावर ६०० मिमीचा पाइप, तोंडात अडकलेली दोन खोडं. नकाशावरून नाल्याचं पाणलोट ६ हेक्टर. तिथल्या पर्जन्यनोंदीवरून तासाला ९० मिमी तीव्रता आणि जंगलजमिनीसाठी वाहण्याचं प्रमाण ०.४ धरलं. तिन्हींचा गुणाकार करून ३६० ने भागला की सेकंदाला ०.६ घनमीटर येतं. पाणी तोंडाच्या माथ्यापर्यंत चढलं तरी ६०० मिमीचा पाइप साधारण ०.३ घनमीटर नेतो. म्हणजे खोडं काढली तरी तो अपुराच. ९०० मिमी लागेल.

पण प्रत्येक मोरीवर उभं राहून पाइपच्या मापाआधी विचारायचा प्रश्न वेगळा: ही तुंबली तर पाणी कुठे जाईल? इथे रस्ता मोरीपाशी उतरता आहे. तुंबलेलं पाणी रस्ता ओलांडून नाल्यात परत जात नाही, ते वळून रस्त्यावरून खाली धावतं आणि १४० मीटर पुढे, ३/८४० ला, भराव फोडून उतरतं. ३/८४० चे खड्डे अनेकदा बुजवलेले दिसतात, भरावावर ताजी माती ओतलेली आहे. दोष मात्र वर ३/९८० ला आहे. मोठा पाइप येईपर्यंत आणि आल्यावरही, मोरीच्या लगेच खालच्या अंगाला रस्त्यात दगडांनी बांधलेला सखल भाग हवा. पाइप कितीही मोठा घातला तरी एखादं झाड त्यात अडकू शकतं, तेव्हा पाणी तिथल्या तिथे नाल्यात परत उतरलं पाहिजे. कमी पैशांत एकच काम होणार असेल तर हे करा.

३/६०० ते २/१००

२/६४० ते २/६६५ दरम्यान दरीकडच्या कडेपासून १.२ मीटर आत कमानीसारखी भेग, रुंदी १५ ते ३० मिमी, बाहेरची बाजू ४० मिमी खाली बसलेली. सरळ, रस्त्याला समांतर बारीक भेग वाळण्याने पडू शकते. दोन्ही टोकं दरीकडे वळलेली भेग म्हणजे भराव सरकतो आहे. पहार खुपसली तर ती मधेच पोकळीत गेली आणि कुजक्या लाकडाचा वास आला. रस्ता काढताना खोडं आणि फांद्या भरावाखाली गाडल्या असणार. खालच्या झाडांकडेही बघा: बुंध्याशी वाकून वर सरळ वाढलेलं झाड जुनी, संथ हालचाल सांगतं, संपूर्ण सरळ खोडच कललेलं असेल तर हालचाल अलीकडची.

अशा ठिकाणी बसलेला भाग मुरूम टाकून पातळीत आणायचा मोह होतो. टाळा, वरचं वजनच वाढतं. भेगेत पाणी जाऊ नये म्हणून ती मातीने ठोकून बंद करा, वरून येणारं पाणी आधीच वळवा, अवजड गाड्या डोंगराच्या बाजूने न्या, आणि भेगेच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकून, त्यांच्या माथ्यावर खिळे मारून, खिळ्यापासून खिळ्यापर्यंतचं अंतर तारखेसह लिहा. अंतर वाढत असेल तर अवजड वाहतूक बंद करा. कायमचा उपाय म्हणजे पोकलेनने सैल भराव वर ओढून काढणं आणि रस्ता आत सरकवणं. तो निर्णय भूतंत्र जाणणाऱ्या अभियंत्यासोबत घ्या.

डोंगराकडचं गटार इथे गरजेपेक्षा जास्त साफ केलेलं आहे. यंत्राने दरडीचा पायथाच खरवडला, म्हणून वरून माती घसरते आणि गटार पुन्हा भरतं. गटाराचा तळ रस्त्याच्या कडेपेक्षा ३० सेंमी खाली असेल आणि पाणी वाहत असेल तर त्यातल्या गवताला हात लावू नका.

२/१०० ते ०/०००

दाट सावली, खाली चिकणमाती. दर शंभर मीटरला खड्डा घेतला. मुरूम फक्त ४ ते ६ सेंमी उरला आहे आणि खालची माती त्यात वर घुसली आहे. डीसीपी एका ठोक्याला ४० मिमी जात होती, म्हणजे सीबीआर (जमिनीची भार पेलण्याची ताकद टक्क्यांत सांगणारा आकडा) पाचच्या आत. २० मिमी गेली असती तर दहाच्या आसपास. १/२२० ते १/४०० मध्ये चाकोऱ्या ७५ मिमीच्या पुढे आहेत. नुसता मुरूम टाकला तर तोही मातीत जाईल. आधी पाणी काढा, मग जिओटेक्स्टाइल, म्हणजे माती आणि मुरूम वेगळे ठेवणारं, पाणी झिरपू देणारं कापड, अंथरा, जोडावर निदान अर्धा मीटर एकावर एक, आणि वर दाबून १५ सेंमी मुरूम. हिशेब: १८० × ३.५ × ०.१५ म्हणजे ९४.५ घनमीटर दाबलेला, सुटा माल १.३ पट, म्हणजे १२३ घनमीटर. पाच घनमीटरच्या टिपरच्या २५ खेपा. दाबलेल्या मापावर मागणी दिली की शेवटचे चाळीस मीटर हमखास कोरडे राहतात.

दक्षिणेकडच्या फांद्या छाटून ऊन येऊ दिलं तर रस्ता लवकर वाळतो, या कामाला कोणी मोजत नाही.

०/२५० च्या लाकडी पुलाची तुळई काठावर टेकते तिथे मातीत गाडली गेली आहे, टोच्या ३ सेंमी आत गेला. माती काढून टाकली. भार किती पेलेल हे ठरवायला पुलांचा अभियंता हवा, तोवर अवजड गाड्या बंद.

कामांचा क्रम असा लागला: पूल आणि २/६४० इथल्या अवजड वाहतुकीचा बंदोबस्त लगेच, ३/९८० ची खोडं त्याच आठवड्यात, सखल भाग पुढच्या मोठ्या पावसाआधी, मग ४/४१० आणि वरंब, त्यानंतर बाकीचे निकास आणि मुरूम, लाटा सर्वांत शेवटी, तक्रारी त्यांच्याच जास्त असल्या तरी. प्रत्येक नोंदीत अंतर, माप, कारण, काम आणि परिमाण लिहा, आणि दोन फोटो, एक वरून, एक खालून, पट्टी दिसेल असे. काम झाल्यानंतरच्या पहिल्या जोरदार पावसात ३/९८० ला उभं राहून पाणी कुठे वळतं ते बघा, आणि २/६४० च्या भेगेवरच्या खुंट्यांमधलं अंतर त्याच दिवशी मोजा.